टाळू रुंद केली म्हणजे श्वास मोकळा होतो काय?

सिंगापूर सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मुलांच्या आरोग्यासाठी ‘ग्रो वेल एसजी’ ही योजना जाहीर केली. खाणे, झोप, अभ्यास, व्यायाम आणि पडद्यासमोर जाणारा वेळ या सर्वांचा तीत एकत्र विचार केलेला आहे. प्राथमिक पहिली ते तिसरीच्या मुलांना, घरून भरून आलेल्या प्रश्नावलीच्या आधारे, एक आरोग्य-आराखडा मिळावा अशी त्यात तरतूद आहे. झोप हा विषय शाळेच्या कागदावर आला, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना समाधान देणारी आहे. सकाळच्या पहिल्या तासाला बाकावर डोळे चोळत बसणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

परंतु मूल किती तास झोपते, एवढा एकच प्रश्न पुरेसा नाही. पाच ते तेरा वर्षांच्या मुलाला नऊ ते अकरा तास झोप हवी, असे येथील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ते खरेच आहे. पण रात्रभर श्वास अडखळत असेल, तर दहा तास अंथरुणात पडलेले मूलही थकूनच उठते. या अडखळणाऱ्या श्वासावर एक इलाज अलीकडे पालकांपुढे मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जात आहे. तो म्हणजे तोंडातली टाळू रुंद करण्याचा. त्याबद्दल ऐकणाऱ्या आणि पैसे मोजणाऱ्या पालकांत आपल्या मराठी कुटुंबांचाही समावेश असल्यामुळे या पानावर त्याची चर्चा होणे अगत्याचे वाटते.

मध्यंतरी आपल्या समाजातील एक आई मला भेटायला आली. मुलगा आठ वर्षांचा, हुशार, पण वर्गात पेंगतो, नाही तर विनाकारण चिडचिड करतो. तोंड सदा उघडे. दात पुढे आलेले म्हणून त्याला एका खाजगी दवाखान्यात नेले होते. तेथे सांगण्यात आले की जबडा अरुंद आहे, टाळू रुंद केली की घोरणे थांबेल, झोप सुधारेल आणि अभ्यासही सुधारेल. खर्च काही हजार डॉलर. “बाई, पैसे घालायला आम्ही तयार आहोत,” ती म्हणाली, “पण हे खरे आहे का, तेवढे सांगा.” मी विचारले, “त्याचे नाक आणि घसा कोणा डॉक्टरांनी पाहिला का?” ती म्हणाली, “नाही, तसे कोणी सांगितलेच नाही.”

मी डॉक्टर नाही. पण या शेवटच्या उत्तरात सगळा प्रश्न आला आहे, असे मला वाटते. म्हणून या विषयावर जे प्रसिद्ध झाले आहे ते मिळवून वाचले. त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवते.

हे साधन आहे तरी काय?

तोंडातली टाळू ही नाकाची जमीन आहे, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. तोंडाचे जे छत, तोच नाकाचा तळ. वरचा जबडा दोन भागांचा असून ते मध्यरेषेवर एका शिवणीने जोडलेले असतात. लहानपणी ही शिवण कच्ची असते आणि किशोरवय सरता सरता ती घट्ट होत जाते. टाळू रुंद करणाऱ्या साधनाला एक्सपांडर म्हणतात. ते वरच्या मागच्या दातांना बसवतात आणि त्याच्या मधोमध एक स्क्रू असतो. आईवडिलांनी बारीक किल्लीने तो रोज एकदा किंवा दोनदा फिरवायचा. एका फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर एवढी रुंदी वाढते. काही दिवसांत शिवण उघडते आणि पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसू लागते. ती पुढे आपोआप मिटत जाते. त्यानंतर नवे हाड भरून येण्यासाठी साधन काही महिने तसेच ठेवावे लागते.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी १८६० साली साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या तोंडात असा स्क्रू बसवल्याचे आणि दोन आठवड्यांत जबडा रुंद झाल्याचे प्रसिद्ध केले. त्या काळच्या व्यवसायबंधूंनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे शंभर वर्षांनी, १९६१ च्या सुमारास, अँड्र्यू हास यांनी ही पद्धत पुन्हा प्रचारात आणली. वरचे मागचे दात खालच्या दातांच्या आतल्या बाजूला बसत असतील, म्हणजे वरचा जबडा खरोखरच अरुंद असेल, तर हे साधन उत्तम काम देते. याबद्दल तज्ज्ञांत वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर, म्हणजे केवळ श्वासासाठी हे साधन बसवावे काय, या प्रश्नावर.

आधी नाक की आधी टाळू?

नाकाची जमीन रुंद केली की नाकही थोडे रुंद होते, हे तर्काला पटते आणि मोजमापांतूनही दिसते. पण अरुंद टाळू हे कारण की परिणाम, हे पाहिले पाहिजे.

स्वीडनमधील लिंडर-आरोनसन यांनी १९७० साली नाकामागच्या ॲडिनॉइड गाठी वाढलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे नाक चोंदलेले आणि तोंड उघडे, त्यांचा वरचा जबडा अरुंद आणि चेहरा लांबट असण्याकडे कल दिसला. गाठी काढल्यावर आणि मूल नाकाने श्वास घेऊ लागल्यावर त्यांतले काही बदल अंशतः मागेही फिरले. एगिल हारवोल्ड यांनी माकडांची नाके बंद करून पाहिली, तेव्हा त्यांच्या जबड्यांत आणि दातांत बदल झाले, परंतु प्रत्येक माकडात निराळे. नाक बंद राहिले की तोंड उघडे राहते, जीभ टाळूला टेकण्याऐवजी खाली पडते आणि टाळूला आतून मिळणारा आधार नाहीसा होतो, असे याचे स्पष्टीकरण देतात.

याला दुसरी एक बाजू आहे आणि तिचा संबंध आपल्या देशाशी येतो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचीनी यांनी भारतीय सहकाऱ्यांसह चंडीगड परिसरातील ग्रामीण आणि शहरी तरुणांच्या दातांची तुलना १९८० च्या दशकात प्रसिद्ध केली. मऊ अन्नावर वाढलेल्या शहरी तरुणांत दातांची ठेवण अधिक बिघडलेली आढळली. ऊस, हरभरे, कडक भाकरी चावण्याने जबडा घडतो, हे आपल्या आज्या सांगत असत, त्यात तथ्य असावे. मात्र चावण्याचा आणि घोरण्याचा सरळ संबंध त्यातून सिद्ध होत नाही.

तात्पर्य असे की कधी नाक बंद म्हणून टाळू अरुंद होते, तर कधी टाळू मुळातच अरुंद म्हणून नाकाला जागा कमी पडते. पहिल्या प्रकारच्या मुलाची टाळू रुंद केली आणि नाकामागची गाठ तशीच ठेवली, तर मूळ अडथळा जागच्या जागीच राहतो.

आकडे काय सांगतात?

झोपेत मुलांचा श्वास थांबतो, याचे पहिले नीट वर्णन क्रिस्तियन गिलेमिनो यांनी अमेरिकेत १९७६ साली आठ मुलांवरून केले. आज त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेच्या चाचणीत दर तासाला श्वास किती वेळा अडतो ते मोजतात. मोठ्या माणसांत पाचपर्यंतचा आकडा चालवून घेतात. लहान मुलांत एकाच्या वर गेला तरी तो लक्ष देण्याजोगा मानतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शनात असा विकार शेकडा एक ते सहा मुलांत असावा असे म्हटले आणि टॉन्सिल व ॲडिनॉइड वाढलेल्या मुलांसाठी ते काढणे हा पहिला इलाज ठरवला.

टाळूच्या बाजूने सर्वांत अधिक सांगितला जाणारा अभ्यास इटलीतील पिरेली आणि सहकाऱ्यांचा. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. ३१ मुलांमध्ये टाळू रुंद केली. दर तासाला सरासरी १२ वेळा अडणारा श्वास चार महिन्यांनी एकापेक्षाही कमी वेळा अडू लागला. निकाल थक्क करणारा आहे. पण ही मुले कोणती होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते. त्यांचा जबडा खरोखर अरुंद होता आणि त्यांचे टॉन्सिल व ॲडिनॉइड वाढलेले नव्हते. म्हणजे मूळ अडथळा जबड्यातच आहे, अशी मुले निवडून घेतली होती. सरसकट घोरणाऱ्या मुलांना हा निकाल लावणे म्हणजे एका वर्गाचा निकाल सगळ्या शाळेला लावण्यासारखे आहे.

२०१७ साली अशा १७ अभ्यासांची, ३१४ मुलांची एकत्र मांडणी झाली. तासाला सरासरी ८.९ वरून २.७ पर्यंत, म्हणजे सुमारे ७० टक्के घट. हाही आकडा चांगला दिसतो. परंतु यांतल्या बहुतेक अभ्यासांत, काहीच न केलेल्या मुलांशी तुलना केलेली नव्हती. ही तुलना का महत्त्वाची, ते २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीवरून कळते. पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाची टॉन्सिल-ॲडिनॉइडची शस्त्रक्रिया लगेच केली आणि दुसऱ्यावर नुसते लक्ष ठेवले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची चाचणी ठीक आली. आणि नुसते थांबलेल्यांपैकी? ४६ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मी मुले शस्त्रक्रियेवाचून, वाढत्या वयाबरोबर सुधारली. ज्या मुलाचे साधन याच काळात तोंडात बसवलेले असेल, त्याचे आईवडील सुधारणेचे श्रेय साधनालाच देतील, हे उघड आहे.

याच चाचणीतली आणखी एक गोष्ट शिक्षक या नात्याने सांगितली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर मुलांची वागणूक आणि झोप सुधारली, पण एकाग्रतेच्या ठराविक परीक्षांत दोन गटांत ठळक फरक पडला नाही. तेव्हा जो कोणी इलाजाबरोबर परीक्षेतले गुणही देऊ करतो, त्याच्याकडे सावधपणे पाहावे.

वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने तोंडातील साधने आणि मुलांचा स्लीप ॲप्निया यांसंबंधीचा पुरावा अपुरा असल्याचा निष्कर्ष २०१६ साली काढला. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ च्या निवेदनात सांगितले की जबड्यात तसा दोष नसताना केवळ स्लीप ॲप्निया टाळण्यासाठी टाळू रुंद करू नये. हे साधन बसवणाऱ्यांचीच संघटना असे म्हणते, याला महत्त्व आहे.

सिंगापूरची परिस्थिती

येथील चार ते सात वर्षांच्या मुलांच्या एका मोठ्या पाहणीचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात शेकडा सुमारे सहा मुले नेहमी घोरणारी आढळली आणि घोरण्याचा दमा, नाकाची ॲलर्जी व त्वचेची खाज यांच्याशी घट्ट संबंध दिसला. आपल्या दमट हवेत गाद्या, उशा, पडदे यांत धुळीतले सूक्ष्म किडे भरपूर वाढतात. शिवाय अधूनमधून शेजारच्या बेटांवरचा धूर येतो. २१ जून २०१३ रोजी हवेचा निर्देशांक ४०१ वर गेला होता आणि २५ सप्टेंबर २०१५ रोजी धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हे वाचकांना आठवत असेल. अशा ठिकाणी मुलाचे तोंड उघडे दिसले की पहिला संशय नाकावर घ्यावा, टाळूवर नंतर.

दातांच्या बाबतीत या बेटाने फार मोठे काम केलेले आहे. शालेय दंतसेवा १९४९ साली सुरू झाली. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास १९५६ मध्ये आरंभ झाला आणि दोन वर्षांत सगळ्या बेटाला ते मिळू लागले. आशियात संपूर्ण लोकसंख्येला असे पाणी देणारा हा पहिला देश. आज सरकारी प्राथमिक शाळेतील मुलाला दंततपासणीच्या खुर्चीवर बसावे लागते, ते याच परंपरेमुळे. त्या खुर्चीवर मुलाचे तोंड उघडे असते, दिवा लावलेला असतो आणि टॉन्सिल समोरच दिसतात. इकडे आरोग्य-आराखड्यात झोपेची विचारपूस होते. माझ्या मते या दोन गोष्टी एका कागदावर आल्या पाहिजेत. “मूल आठवड्यातून तीन रात्रींपेक्षा अधिक घोरते काय?” एवढा एक प्रश्न त्या खुर्चीवर विचारला, आणि उत्तर ‘होय’ आले तर पॉलिक्लिनिकची चिठ्ठी दिली, तर वेगळा खर्च फारसा येणार नाही.

हे झाले नाही तर काय होते? पॉलिक्लिनिकमार्फत जाणाऱ्या नागरिकांना आणि स्थायी रहिवाशांना सरकारी रुग्णालयात सवलतीत तज्ज्ञ मिळतो. केके रुग्णालयात आणि नॅशनल युनिव्हर्सिटी रुग्णालयात मुलांच्या झोपेची तपासणी होते. पण तेथे वाट पाहावी लागते, आणि खाजगी दवाखान्यात उद्याची वेळ मिळते. आपल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळजण नोकरीच्या पासवर आलेले आहेत. त्यांची मुले आंतरराष्ट्रीय शाळांत जातात, त्यांना शाळेतली खुर्चीही नाही आणि सरकारी सवलतही नाही. त्यांना सल्ला मिळतो तो मैत्रिणींकडून आणि फोनवरच्या चित्रफितींतून. येथील दवाखान्यांच्या जाहिरातींना नियम आहेत, पण परदेशातून येणाऱ्या चित्रफितींना ते कसे लागू व्हावेत? यात दंतवैद्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. त्यांतले अनेकजण आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. पण सोनाराला विचारले तर तो दागिनाच सुचवणार, हे लक्षात ठेवून दुसरेही दार ठोठवावे.

पालकांनी काय करावे?

आपल्या घरांत ‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’ असे कौतुकाने म्हणतात. ‘आमच्याकडे सगळेच घोरतात’ हेही नेहमीचे. लहान मुलाचे रोजचे घोरणे ही कौतुकाची गोष्ट नव्हे. त्याबरोबर श्वास मध्येच थांबून एकदम दचकून सुरू होणे, झोपेत मान मागे टाकणे, खूप घाम येणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंगणे किंवा उलट अतिशय वळवळ करणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जावे. जाण्यापूर्वी मूल झोपले असताना फोनवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून न्यावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

डॉक्टर आधी ॲलर्जी पाहतील, कदाचित नाकात मारायचा फवारा काही आठवडे देतील, गरज पडल्यास झोपेची चाचणी करवतील. शस्त्रक्रिया सुचवली तर तिच्यातला धोका, विशेषतः नंतरच्या रक्तस्रावाचा, स्पष्ट विचारून घ्यावा. नाक चोंदलेल्या मुलाच्या तोंडाला रात्री पट्टी चिकटवण्याचा जो प्रकार हल्ली ऐकू येतो, तो मुळीच करू नये.

आणि कोणी टाळू रुंद करण्याचे सुचवले, तर चार प्रश्न विचारावेत. वरचा जबडा अरुंद आहे हे कशावरून? श्वासाचा प्रश्न नसता तरी हे साधन बसवले असते काय? नाक, घसा आणि झोप यांची तपासणी झाली आहे काय? आणि साधन बसवल्यानंतर श्वास सुधारला की नाही, हे कसे मोजणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ठाम असतील, तर साधन खुशाल बसवावे. दातांसाठी ते योग्यच आहे, आणि श्वासाला मदत झाली तर तो वरचा लाभ. उत्तरे गुळमुळीत असतील, तर घाई करू नये. मात्र कितीही काळ थांबत राहावे असाही याचा अर्थ नव्हे, कारण शिवण वयाबरोबर घट्ट होते आणि ज्याला साधनाची खरी गरज आहे त्याची संधी निघून जाते.

त्या आठ वर्षांच्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना त्याचे टॉन्सिल आणि ॲडिनॉइड दोन्ही फार वाढलेले आढळले. झोपेच्या चाचणीनंतर शाळेच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. आता तो सकाळी कमी पेंगतो, असे त्याची आई सांगते. त्याचे गुण वाढले काय, हे मी विचारलेले नाही. एका मुलावरून सिद्धांत काढू नये, हे मीच वर लिहिले आहे, आणि तो टॉन्सिलच्या बाजूनेही काढू नये. त्याच्या दातांसाठी एक्सपांडर पुढे लागेल किंवा लागणार नाही. ते त्याचा ऑर्थोडॉन्टिस्ट दात पाहून ठरवील.

शेवटी एक आमच्या पेशाबद्दल. वर्गात पेंगणाऱ्या मुलाच्या वहीत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा आम्ही शिक्षकांनी किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. तो शेरा लिहिण्यापूर्वी घरी एक निरोप पाठवून, मूल रात्री घोरते काय, एवढे विचारले असते तर बरे झाले असते. निदान यापुढे तरी विचारू या.